स्वराच्या पायांसाठी वाट

१९ जानेवारी

आजही मोजे घालूनच आंघोळ. पाण्याचं तिला काही नाही, बादलीभर ओतून घेते. ओली फरशी तळव्यांना लागली की मात्र किंचाळते. लवकरच पाच वर्षांची होईल स्वरा. तळवे अजून बाळंत्यातल्यासारखे गुलाबी आहेत.

पालघरच्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "जबरदस्ती नको. घरामागे जागा आहे ना? एक वाट करा. वाळू, गवत, गोटे, माती, सगळं थोडं थोडं. वाटेल तेव्हा उतरेल ती."

परत येताना बसमध्ये डोळे मिटले तर ती वाट दिसायलाच लागली. शेवग्याखालून वळण घेत जाणारी. तिच्यावरून कोणीतरी लहान चालत होतं. चेहरा दिसला नाही. बोईसर कधी आलं कळलंच नाही.

२४ जानेवारी

रांगोळीने परसात वळण आखलं. आखल्याबरोबर शेवग्याने त्यावर फुलं टाकली. उगाच बसून राहिले बघत. कुकरच्या शिट्ट्या सासूबाईंनी मोजल्या असतील.

रात्रपाळीहून आलेला माझा नवरा, दिग्विजय, न झोपता विटांची कड लावायला बसला. म्हणाला, "यावर स्वरा चालणारे की तू?"

मलाही चालायचं आहेच. माहेरच्या काळ्या रानात अनवाणी फिरलेली मी, आता घरातसुद्धा चप्पल घालते.

२ फेब्रुवारी

मासवणला नदीवर गेलो, गोटे आणायला. गुळगुळीत, अंड्याएवढे. पाणी इतकं स्वच्छ की हात घातला तरी गोटे किती खोल आहेत ते नीट कळेना. स्वरा बाबाच्या खांद्यावर. तिथूनच बोट दाखवायची — तो, नाही, तो शेजारचा.

सासूबाईही आल्या होत्या. राहीबाई नाव त्यांचं. आष्टीहून दिवाळीला आल्या त्या नातीसाठी राहिल्याच. चप्पल काढून सरळ पाण्यात शिरल्या.

"आई, गार आहे का?"

"आसंल," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

९ फेब्रुवारी

वाळू घातली. पहिली चालली ती शेजारच्या नर्मदाची मांजर.

१४ फेब्रुवारी

पूर्ण झाली. गवत, वाळू, भाताचं तूस, गोटे, काथ्या आणि शेवटी लाल माती, पाणी शिंपडलं की चिखल होईल अशी.

शेजारची नर्मदा संध्याकाळी पिशवीभर शिंपल्या घेऊन आली, घिवलीहून, तिच्या माहेराहून. "या पन घाल गं. आमी लहानपनी यावरूनच धावायचो, काय नाय होत." वाळूच्या कडेने पसरल्या. उन्हं तिरपी होती, सगळ्या शिंपल्या आतून उजळल्या. डोळे मिटून मी एकटीच चालत गेले आणि परत आले. तुसावरून चालताना वाटलं, ढगावरून चालतेय आणि ढगाला थोडी खाज सुटलीये.

१६ फेब्रुवारी

स्वरा पायरीवर बसून बघते. मोजे घालून. "छान आहे," म्हणाली. पाहुणे आपल्या घराला म्हणतात तसं.

१८ फेब्रुवारी

दुपारी आई म्हणाल्या, "पोरीला कुनी करून दावलं तर उतरंल ती." पदर खोचला आणि अनवाणी निघाल्या. गवत, वाळू, शिंपल्या, पार शेवटपर्यंत. मागे वळून हसल्या. "बघ, आजीला काय झालं का?"

घरात आल्या. पाठोपाठ स्वरा आली आणि दारात थबकली. "आजी, तू फरशीवर काय सांडलंस?"

रक्त होतं. पावलापावलाला. एका फुटक्या शिंपलीचा तुकडा करंगळीखाली तसाच रुतलेला. आई स्वतःच्या पायाकडे दुसऱ्याचा असल्यासारखं बघत राहिल्या.

"आई, दुखलं नाही?"

"न्हाई गं." मग, "लई दिस झालं. काईच कळत न्हाई. चप्पल निसटून मागं ऱ्हाते, लोक हाक मारत्यात तवा कळतं."

"सांगितलं का नाहीत?"

"साखर हाय म्हनल्यावर गोळ्या खातेच की. आनखी काय सांगायचं?"

१९ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, साखरेने पायांच्या नसा गेल्यात. यापुढे अनवाणी पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. जखमेवर लक्ष ठेवा.

एकीला सगळंच जास्त लागतं. एकीला काहीच लागत नाही. एकाच घरात. आणि मधे मी ही वाट करून ठेवलीये.

२५ फेब्रुवारी

जखम चिघळली. आईंना पालघरला ॲडमिट केलं.

दिग्विजय घरी आला तो फावडं घेऊन परसात. मी अडवलं नाही, मला वाटलं ही वाट मीच उकरावी. शिंपल्या सगळ्या वेचून काढल्या त्याने. वाळूवर फावडं टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "आई विचारत होती, पोरगी उतरली का म्हणून." मग फावडं ठेवून दिलं.

नर्मदा कुंपणापाशी उभी होती. "माज्या शिंपल्या गं," एवढंच बोलली. तिचा हात धरला. तिचा काय दोष?

२७ फेब्रुवारी

करंगळी काढावी लागली. बाकी पाय वाचला.

आई शुद्धीवर आल्या, पट्टीकडे बघितलं. "गेलेलं बी कळलं न्हाई बघ," म्हणाल्या. मला रडू आलं, त्यांना नाही.

१ मार्च

फोनवर आजी-नात.

"सोरा, वाळू गार हाय का गं आज?"

"माहीत नाही."

"मला बी न्हाई. हितं खाटंवर काय कळनार. आन तिथं आसते तरी काय कळलं आसतं?"

स्वराने फोन माझ्या हातात दिला. परसात गेली, पायरीवर बसली. वाकून एक बोट वाळूवर टेकवलं. हाताचं. परत आली. "गार आहे."

"हाताला गार हाय. पायाला?"

स्वराने पायातले मोजे वर ओढले. खोटं तिला बोलताच येत नाही.

२ मार्च

एक मोजा काढला. अंगठ्याचं टोक वाळूला लावलं, चटका बसल्यासारखं ओढून घेतलं. तरी फोनकडे गेली. "आजी, गार आहे आणि टोचतं. खूप टोचतं."

पलीकडून आईंचा आवाज, स्वप्नातल्यासारखा लांबचा. "टोचतं का? आगं, कसं टोचतं ते सांग मला."

६ मार्च

आता रोज फोनच्या आधी परसात जाते. आज तुसात दोन्ही पाय. रडली. रडत रडत सांगत होती — कुरकुर करतं, आजी, पापडासारखं, पण पायाखाली. फोनच्या स्पीकरवर आई हूं हूं करत होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही सांगत होत्या, नातीनं तुसात पाय घातलाय.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. हवेत खाऱ्या पाण्याचा वास होता, समुद्र अगदी कुंपणाशी आल्यासारखा. बसमध्ये दिसलं होतं ते लहान कोणीतरी बहुतेक असंच पाय उचलून उचलून चालत होतं.

११ मार्च

चिखलाला नाही म्हणाली. "उद्याही नाही." बरं.

आईंनी फोनवर समजूत घातली नाही. फक्त म्हणाल्या, "नगं तर नगं. मला गोट्यांचंच सांग."

१५ मार्च

आईंना घरी आणलं. रिक्षा पुढच्या फाटकाशी थांबली, भर दुपारी. स्वरा घरातून पळत आली. परसातून नाही, पुढच्या दाराने. मोजे नाहीत, काही नाही. तापलेल्या डांबरावर आजीच्या समोर उभी राहून नाचायलाच लागली. "आजी, भाजतंय! खूप भाजतंय, असं — तव्यासारखं!"

आई रिक्षातून उतरायचं विसरल्या. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, त्या पोरीला ओरडले — चप्पल घाल आधी!