अप्पा आहेत तोवर

३ मार्च, सोमवार

जिन्याखालचा विजेचा बोर्ड गरम आहे! हातातली किल्ली निसटली, घरंगळत त्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेली. वाकताना तोल गेला म्हणून हात टेकला तर लाकूड चक्क ऊन. आतून बारीक गुणगुण येत होती. आणि वास – केस जळल्यासारखा, जुना, कोंदट.

तळमजल्यावरचे फ्यूजकाका दारातच उभे होते. इमारतीत फ्यूज उडाला की तार घालायला तेच धावतात म्हणून हे नाव. त्यांनाही आवडतं. म्हटलं, काका, हा बोर्ड तापलाय. "ऊन वाढलंय ना," म्हणाले. जिन्याखाली ऊन! तिथे दुपारी बारा वाजता स्वतःची चप्पल दिसत नाही.

वर आले. अप्पांना – सासऱ्यांना – काही बोलले नाही. त्यांच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. ते त्याला मांजर म्हणतात. भिंतीतली वीज मांजराला, मांजराची हवा अप्पांना. दिवसरात्र. जन्मभर लोकांना पोहायला शिकवलं, पाण्याखाली इतका वेळ राहायचे की पोरं घाबरून रडायची, आणि आता नाकात नळी. आज विचारलं, "चेहरा का उतरलाय?" म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक भांडलं.

४ मार्च, मंगळवार

आजही गरम. जाताना आणि येताना हात लावून बघितला. समोरच्या घरातली कॉलेजवाली हसली, "काकू, आशीर्वाद घेताय का बोर्डाचा?"

६ मार्च, गुरुवार

आमच्या चष्म्याच्या दुकानाचं काम करतो त्या वायरमनला घेऊन आले. माणूस हुशार, पण बोलण्याला लगाम नाही. अर्धा वेळ आपण कुठल्या कुठल्या मोठ्या इमारती केल्या तेच. बोर्डाचं झाकण उघडलं आणि गप्प झाला. 

चिनी मातीचा एक फ्यूज ओढून माझ्यापुढे धरला. "ताई, ही काय फ्यूजची तार आहे? हिच्यावर कपडे वाळत घाला तुम्ही!" फ्यूजची तार केसासारखी बारीक हवी, एवढं मलाही कळतं. भार वाढला की आधी ती वितळते, लाईट जाते, घर वाचतं. ही तांब्याची, जाडजूड. ही कशाला वितळतेय! हिच्याआधी भिंतीतल्या वायरी वितळतील. मेनच्या फ्यूजला तसलीच. आणि बोर्ड आमच्या लग्नाआधीचा, कदाचित नवऱ्याच्या जन्माआधीचा. तेव्हा घरटी दोन दिवे असतील. आता घरटी गीझर, एसी, ओव्हन.

"कुणी घातली ही?" वायरमन ओरडला. फ्यूजकाका पुढे आले. छाती काढून! "मी घातली. अप्पांसाठी."

मग आठवलं. गेल्या वर्षी मेन उडाला तेव्हा मी दुकानात होते. मशीन बंद, जोडीला ठेवायचा ऑक्सिजनचा सिलिंडर तेव्हा घरात नव्हता. अप्पांचे ओठ निळे. काका वर धावले, खाली धावले, हाताला लागली ती तार घातली. मी आले तोवर सगळं सुरळीत. काकांचे हात धरून रडले होते मी. नंतर त्यांनी सावकाश बसून एकेक फ्यूज असा "पक्का" केला. सगळ्या इमारतीला माहीत. एकही लाईट गेली नाही वर्षभर! जो तो कौतुक करत होता, मीही. आत काय घातलंय ते विचारावं असं कुणालाच सुचलं नाही.

काकांवर चिडायचं होतं. जमलं नाही.

९ मार्च, रविवार

गच्चीवर सभा. वायरमननं सांगितलं: नुसती बारीक तार घालून भागणार नाही, एवढ्या भाराला ती रोज उडेल; बोर्ड, मेन, वरपर्यंतच्या मोठ्या वायरी, सगळं बदला. वीज कंपनी बाहेरून वीज तोडेल, दोन दिवस पूर्ण बंद, दुसऱ्या दिवशी काम संपलं की कंपनीचा माणूस तपासून जोड देईल.

सगळे माना डोलावत होते. मग सेक्रेटरी हळूच म्हणाले, "पण दोन दिवस अप्पांचं काय?"

सगळी डोकी माझ्याकडे वळली. सिलिंडर काही तासच पुरतो, हे सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "नको गं बाई. इतकी वर्षं चाललंय ना? अप्पा आहेत तोवर चालू दे. मग बघू."

"हो हो, अप्पा आहेत तोवर राहू दे." एकामागून एक. किती मायेनं! कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला. चहा आला.

अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे सगळी इमारत अप्पांच्या जाण्याची वाट बघणार, तीही अगदी सभ्यपणे, रांगेत उभं राहिल्यासारखी! आणि तोवर खाली लाकूड तापत राहणार. मी उठून म्हणायला हवं होतं काहीतरी. कप हातात धरून बसून राहिले.

१० मार्च, सोमवार

नवऱ्याला वाटतं, लोक चांगलंच बोलले. "आपला विचार करतायत, तुला त्यातही खोट दिसते." दुपारी डबासुद्धा न घेता गेला. जाऊ दे. भूक लागली की अक्कल येते.

मी तरी कोण मोठी शहाणी. अप्पांना हलवायचं म्हटलं की मीच विषय बदलते.

१३ मार्च, गुरुवार

अप्पांना कळलं. कुणी सांगितलं? आजी आल्या होत्या वाटीभर साखर मागायला. साखर राहिली, बातमी गेली.

"माझ्यापायी एवढी घरं जाळता का गं?" म्हणाले. मधे श्वास घेत घेत. "दोन दिवस ताईकडे सोड मला."

मी थक्क! ताई म्हणजे माझी नणंद. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, नवी इमारत, लिफ्ट, सगळं. तिच्याकडे जायचं नाव काढलं की अप्पा भिंतीकडे तोंड करतात. कारण आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई आजारपणात "चार दिवस" म्हणून तिकडे गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. तिकडेच वारल्या. तेव्हापासून अप्पांच्या डोक्यात पक्कं बसलंय की त्या घरून माणूस परत येत नाही.

आणि तेच स्वतः म्हणतायत, सोड मला. मग माझा हात घट्ट धरला. पोहणाऱ्याची पकड अजून आहे. "पण न्यायला तू यायचं. त्याला पाठवू नकोस, तो ताईपुढे विरघळतो. तू ये."

येईन म्हटलं. न रडता म्हटलं.

१६ मार्च, रविवार

ताईंशी फोन. "दोन दिवस कशाला? कायमचेच ठेवा की. त्या पडक्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर म्हाताऱ्या माणसाला कोंडून ठेवलंय तुम्ही!" म्हटलं, ताई, त्यांना घरीच राहायचंय. "त्यांना काय कळतंय?"

सगळं कळतं त्यांना. पण गोड बोलले. काम माझं होतं.

१७ मार्च, सोमवार

जिन्यातला दिवा भसकन मोठा झाला आणि फुटला. काचा पायरीभर. अप्पांचं मशीन एकदा अडखळलं, पुन्हा सुरू झालं. वास आता पहिल्या मजल्यापर्यंत येतो. लोक म्हणतात, सवय होते.

१९ मार्च, बुधवार

दुकानातून अर्धी रजा. दारोदार फिरले. एकच सांगत होते: अप्पांची सोय झाली, आता लाईट बंद करायला कुणी "पण" म्हणू नका. एकदा अप्पा आड नाहीत म्हटल्यावर काय काय बाहेर आलं! एकाचा फ्रीज. एकाची परीक्षा. एकीचं कपडे धुवायचं मशीन कालच आलंय. अरे, मग इतके दिवस अप्पांचं नाव कशाला पुढे केलं होतंत? हे तोंडावर म्हटलं. दोघांच्या. तिसऱ्या दारापर्यंत बातमी पोचली असावी, तिथे लगेच हो म्हणाले.

शेवटचं दार फ्यूजकाकांचं. ते पाठ करून रेडिओ पुसत होते. "मी खुनी आहे असं म्हणतो तो तुझा वायरमन."

"तो म्हणतो, मी नाही."

"वर्षभर अंगातला शर्ट न काढता झोपलोय. न जाणो, अप्पांचं मशीन थांबलं तर धावायला." फडकं तसंच रेडिओवर फिरत राहिलं.   ज्या माणसानं आमच्या घरातला जीव वाचवला, त्यानंच सगळ्यांचे जीव टांगणीला लावले, आणि दोन्ही एकाच मायेनं. त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. 

निघताना म्हणाले, "खुर्ची उचलायला मी आहे."

२२ मार्च, शनिवार

सोमवारी वीज तुटणार, म्हणून अप्पांना आजच खाली आणलं. खुर्चीला नवरा, वायरमन, सेक्रेटरी आणि काका. मी सिलिंडर घेऊन मागे. पायऱ्या करकरत होत्या. अप्पा वरून हुकूम सोडत होते, "दम सोडा! आता घ्या! एका लयीत!" पोहण्याच्या वर्गासारखं. चौघे घामाघूम, पण लयीत. घरटी दार उघडं, सगळे बघायला. आजींनी डोळे पुसले तर अप्पा म्हणाले, "रडायचं काय? मंगळवारी परत त्रास द्यायला येतोय."

बोर्डापाशी खुर्ची टेकवायला लावली. हात लावून बघितला. "ताप आहे याला," म्हणाले. माझ्याकडे बघून, "बरं केलंस."

एवढंच. पण माझा आठवडा वसूल झाला.

ताईंकडे खोली छान आहे. खिडकीतून झाडं दिसतात. मशीन लावलं, घुरघुर सुरू झाली. मी निघाले तर अप्पांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते. मी ओळखते त्यांची झोप.

२३ मार्च, रविवार

घरात इतकी शांतता की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. त्यांच्या चादरी धुतल्या, गादीला ऊन दिलं. नवरा न सांगता अप्पांची खोली झाडत होता. मग म्हणाला, "ताईला सांगितलंय मी, मंगळवार म्हणजे मंगळवार." बघा! नाही विरघळला.

२४ मार्च, सोमवार

सकाळी कंपनीनं वीज तोडली. पहिल्यांदाच बोर्डाची गुणगुण थांबली. हात लावला, हळूहळू निवत होता. मला हसूच आलं. सुटले बाई, असं मोठ्यानं म्हटलं. वायरमनची माणसं मोठ्या वायरी ओढायला लागली, तर वरचं रबर हातात भुगा होऊन येतंय. तो आज काहीच बढाया मारत नाही.

अप्पांचा फोन. जेवण मऊ आहे, टीव्ही मोठा आहे, ताई प्रेमानं करते. "उद्या ना?"

उद्याच, म्हटलं.

२५ मार्च, मंगळवार

समोरच्या फुटपाथवर बसून लिहितेय. बोर्ड निघाला. मागचं लाकूड कोळसा झालंय, जिन्याच्या तुळया आतून काळ्या, पार पहिल्या मजल्यापर्यंत. कंपनीच्या माणसानं तुळईत बोट घातलं, ते आतच गेलं. जोड मिळणार नाही. सामान खाली आलं की जिना बंद. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी बाहेर. परत कधी? "परतचं आत्ता विचारू नका," म्हणाला. सगळी इमारत बोचक्यांसकट रस्त्यावर आहे, आणि माझ्याशी कुणीही बोलत नाही.

आत्ता अप्पांचा फोन आला. "मी कपडे करून बसलोय. निघालीस का गं?"