भट्टीत टाकलेला दगड

१६ एप्रिल
पोचलो एकदाचा कोल्हापुरात. नोकरीतलं हे सहावं गाव. बोचकी बांधून जीव विटलाय, पण इथली सुरुवात झकास झाली. शिरोलीच्या फौंड्रीत माल तपासायचं काम, आणि भट्टीवर काम करणाऱ्या भाऊसोंच्याच मंगळवार पेठेतल्या माडीवर खोली. त्यांच्या बायकोनं, पारूबाईंनी, भाकरीवर भाकरी वाढली आणि "पावणं, लाजायचं न्हाय" म्हणून दम भरला. आता निवृत्तीपर्यंत इथून हलायचं नाही.

१८ एप्रिल
संध्याकाळी पाळी सुटताना आभाळात हिरवट-पांढरा लोळ पेटला. एवढा उजेड, की आवारात सगळ्यांच्या सावल्या पडल्या. मग गडगडाट, आणि भंगाराच्या ढिगात काहीतरी धप्पकन आदळलं. नारळाएवढा काळा दगड, हाताला बर्फासारखा गार. भाऊसोंनी लोहचुंबक लावलं, ते चिकटलं. मी म्हटलं, कुणा जाणकाराला दाखवू. ते हसले. "लोखंड हाय की! भट्टीचं भट्टीला." आम्ही दोघांनी तो उचलून भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडाच्या रसात सोडला. मी दमलो होतो, वाद कोण घालणार?

२० एप्रिल
भाऊसोंना थंडी वाजतेय. बाहेर घामाच्या धारा, आणि हे दोन गोधड्यांत. कपाळाला हात लावला तर चटका बसला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी फरक नाही. पारूबाई रडत म्हणाल्या, त्यांच्याबिगर मला कोण न्हाय, भट्टीवर गेले तर नजर ठेवा. मी शब्द दिला.

२२ एप्रिल
ऐकलं नाहीच, कामावर आले. म्हणतात, भट्टीपाशीच हुडहुडी थांबते. भट्टीच्या तोंडाशी सरकत होते. दोनदा दंड धरून मागं ओढलं. माझ्या तळहाताला फोड आलेत. रात्रभर जागाच आहे.

२३ एप्रिल
डोळा लागला माझा. बाकावर. पाचच मिनिटं — भाऊसो ओरडलेसुद्धा नाहीत. शांतपणे चालत भट्टीत गेले, लोक सांगतात. शब्द दिला होता मी. पारूबाईंना काय तोंड दाखवू?

२५ एप्रिल
मलाही थंडी. स्वेटर, वर शाल. पारूबाईंनी चहाचा कप हातात दिला. मी धरला आणि चहा उकळायला लागला. त्या भिंतीपर्यंत मागं सरकल्या —

२६ एप्रिल
आज माझी सुट्टी, तरी आलोय. भट्टीच्या कठड्यावर बसून लिहितोय. इथं बरं वाटतं. इतक्या वर्षांचा शीण — अजून एक पाऊल पुढं, मग थंडी जाईल. पारूबाईंना कुणीतरी सांगा, भाऊसोंना त्रास झाला नसणार. आत अजिबात —