माझ्या खोलीतला शेवटचा डबा

धाकटीस थोरलीचा पोटभर आशीर्वाद.

सगळ्यात आधी उगवला तो आगगाडीचा ड्रायव्हर. बोलावलं होतं दुपारी, हा सकाळची भांडी विसळून व्हायच्या आत दारात उभा. म्हणाला, उशीर व्हायला नको. रेल्वेचे साहेब मात्र यायचं नाव घेईनात, आणि हा बसल्या बसल्या चहावर चहा. पण थांब, आधी तुझी चौकशी करते, नाहीतर म्हणशील थोरलीला रीतभात राहिली नाही. गुडघा कसा आहे? तेल चोळतेस, की बाटली नुसती उशाशी ठेवून झोपतेस? इकडे सगळे खुशाल. माझे कान चांगले आहेत, डोळे ठीक, आणि तोंडाबद्दल तू विचारू नयेस.

तर आपली नात रेल्वेच्या ब्रेकच्या कारखान्यात आहे, हे तुला ठाऊक आहे. (लहानपणी माझं शिवणयंत्र उघडून बसली होती तीच. ते यंत्र अजून उघडंच आहे.) तिने स्वतःच्या डोक्याने एक पेटी बनवली आहे आणि त्या पेटीपायी वर्षभर आमच्या घराची आगगाडी झाली आहे. स्वयंपाकघर म्हणजे इंजिन, तिथे ओट्याखाली हवा भरायचा पंप. बाहेरची खोली मधला डबा. माझी खोली शेवटचा डबा. तिन्हीकडे सायकलचं एकेक चाक, त्याला मोटर, त्याला ब्रेक, आणि सगळ्यांतून एक काळी नळी दारांखालून गेलेली. प्रत्येक दाराशी नळीला चावी, नळाला असते तशी. त्याला कॉक म्हणायचं. दोन डब्यांच्या मध्ये खरोखरीच्या गाडीत असतो म्हणे.

आता गंमत ऐक. मला वाटायचं हवा सोडली की ब्रेक सुटत असतील. तर उलटंच! नळीत हवा भरलेली असली की चाकं मोकळी, आणि हवा सोडली की ब्रेक लागून सगळं जागच्या जागी. अगदी तुझ्या दाजींसारखं. पोट भरलेलं असलं की घरभर मोकळे फिरायचे, रिकामं झालं की उंबऱ्यात अडून बसायचे, मग कोणी हलवून दाखवावं. हे सांगितल्यावर नात म्हणाली, आजी, आमच्या पुस्तकात असं सोपं करून दिलेलं नाही.

आणि पेटी कशासाठी, तर मधला एखादा कॉक चुकून बंद राहिला की पुढच्या ड्रायव्हरने सोडलेल्या हवेचा मागच्या डब्यांना पत्ताच लागत नाही. मागची हवा मागेच अडकलेली, म्हणून पुढचे डबे थांबतात आणि मागचे येऊन ढकलतात. म्हणून ही पेटी शेवटच्या डब्यात बसते (माझ्या औषधांच्या फळीवर, काढ्याच्या बाटलीशेजारी). ड्रायव्हरने निघायच्या आधी थोडी हवा सोडायची, ती कमी झालेली पेटीला कळली की ती इंजिनातला दिवा हिरवा करते. नाही कळली तर लाल. साहेबांना पटलं तर पेटी एका मालगाडीवर लावून बघणार, नाही पटलं तर ती कायमची माझ्या काढ्याजवळ. पोरगी आठवडाभर धड जेवली नव्हती गं.

साहेब आले ते माझ्या झोपेच्या वेळेला. चांगले जाडजूड, छत्री कुठे ठेवू विचारत. मी चहा दिला आणि खोलीत जाऊन दार लावून आडवी झाले. माझ्या पायाशीच ते चाक. त्याचा ब्रेक लागताना असा फुस्सकन आवाज येतो की माणूस अंथरुणातून वर उडावं. म्हणून मी दुपारी झोपले की नात माझ्या दारातला कॉक बंद करून ठेवते. आज ती पाहुण्यांत होती. म्हटलं एवढ्यासाठी कशाला तिला उठवा. मीच केला बंद.

बाहेर दिवा लाल. पुन्हा हवा भरली, पुन्हा सोडली, पुन्हा लाल. मला सगळं ऐकू येत होतं (मी झोपत नाही, नुसते डोळे मिटते), पण त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. मनात आपली देवाची प्रार्थना, की होऊ दे गं बाई त्या पोरीचा दिवा हिरवा.

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, असले दिवे रोजच लागतात. फडकं टाकायचं वर आणि निघायचं."

"सकाळी मी सगळे कॉक उघडे पाहिलेत," नात म्हणाली. "तरी दिवा लाल आहे तोवर गाडी सुटणार नाही."

साहेबांनी विचारलं, "सकाळी सगळं उघडं होतं म्हणता, मग आता मी तुमचं ऐकू की दिव्याचं?"

मग ही म्हणाली, "दिव्याचं."

साहेब म्हणाले, बरं, मग पेटी बिघडली असं लिहितो, निदान ब्रेक तरी दाखवा. ड्रायव्हरने माझ्याच भांडी पुसायच्या फडक्याने दिवा झाकला, हवा भरली आणि बटण दाबलं. तिन्ही चाकं गरगरा फिरायला लागली. मग ब्रेक. पुढची दोन खाटकन थांबली. माझं मात्र आपलं फिरतंच आहे! आणि तू विणलेली ती करडी शाल पायावर होती ना, तिच्या गोंड्यांना चाकाने धरलं आणि लागलं गुंडाळायला. मी एका टोकाला, चाक दुसऱ्या टोकाला. मी ओढते आहे, ते ओढतं आहे. शेवटी मी अशी ओरडले की ड्रायव्हरच्या हातातली बशी पडली. (ती जुन्या संचातली. जाऊ दे.)

सगळे आत धावले. नातीने मोटर बंद केली. साहेबांनी शालीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, मग खाली वाकून दाराशी बंद कॉक पाहिला आणि तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं कंबर धरली. तर हळूच म्हणाले, "म्हणजे आजींना आत बसवून कॉक बंद करायला लावलात? अशी परीक्षा तर आम्हीही घेत नाही."

नातीने तोंड उघडलं. मी म्हटलं, "मग काय! सगळं नीट असताना कोणीही दाखवेल." ड्रायव्हर आपणहून गेला आणि दिव्यावरचं फडकं काढून घडी घालून ठेवलं. बाई गं, त्याचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

मुलांना पापे, विहीणबाईंना नमस्कार. शेवटच्या डब्यातून तुझी,
थोरली

ता.क. नातीने जाताना जिन्यात साहेबांना खरं सांगून टाकलं. तिला पोटात काही ठेवता येत नाही, बापावर गेली आहे. साहेब इतके हसले की छत्री विसरून गेले. म्हणाले, हे तर आणखी चांगलं. जिने कॉक बंद केला तिच्याही ध्यानात आलं नाही, पण पेटीच्या आलं.

ता.क. दुसरी. आता मुद्द्याचं. ते मोठ्या साहेबांना घेऊन पुन्हा येणार आहेत, आणि त्या दिवसापुरती मला तुझ्याकडे पाठवायचा इथे बेत शिजतो आहे. नात फोन करेल, आजीला दोन दिवस ठेवून घेशील का म्हणून गोड बोलेल. विरघळू नकोस. घराला रंग चालू आहे, पाय ठेवायला जागा नाही असं सांग. पाहुणे गुरुवारी येतो म्हणालेत. दुपारीच, माझ्या झोपेच्या वेळेला.