सुळ्याच्या जागी साडेअकरा मिलिमीटर

बीरगांव, रायपूर
दि. ७ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मायाताईस,
धाकट्या दयारामचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन केला नाही म्हणून रागावू नको. आठवडाभर कमी बोला, अशी डॉक्टर क्षमा यांची सक्त ताकीद आहे, आणि तुझ्याशी कमी बोलणं मला कधी जमलेलं नाही. म्हणून हा कागद.

तीन तारखेला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, वरच्या डाव्या सुळ्याच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू बसला. लांबी साडेअकरा मिलिमीटर, जाडी तीन पूर्णांक आठ. पाकीट स्वतः वाचून घेतलं, मगच तोंड उघडलं. आणि ताई, स्क्रू आवळायला त्यांच्याकडे जोर मोजणारा टॉर्क पाना आहे! आमच्या मिलमध्ये असतो तसाच, फक्त करंगळीएवढा. बरोबर पस्तीसवर थांबवला. तोंडात कापूस होता, नाहीतर वाहवा म्हणणार होतो.

सूज कालपासून उतरली. दुखणं नावापुरतं. अपर्णा गार, पातळ खिचडी करून देते आणि मी मिठाच्या पाण्याने घड्याळ लावून चुळा भरतो. असा पेशंट पाहिला नाही, असं डॉक्टर अपर्णाला म्हणाल्या. ती स्तुतीच होती, असं मी धरून चालतो.

अट एकच. तीन महिने त्या जागेवर जोर नको, जबड्याला हादरा नको. माझं हाड पातळ आहे. हा स्क्रू हलला तर दुसऱ्याला तिथे पकड मिळणार नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे; थोडा वाढला तरी परत पाठवणार नाही.

तुझा भाऊ,
दयाराम


गोंदिया
दि. १६ ऑक्टोबर २०२४

चि. दयारामास,
मायाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. स्क्रूची लांबी-जाडी मी शेजारच्या अंजनाबाईलाही वाचून दाखवली. ती म्हणे, तुमचा भाऊ दात बसवायला गेला होता की मोटर?

पण तू एक गोष्ट लिहिली नाही, ते मी लिहिते. तुझा चांगला सुळा फुटला काहून? सत्तावीस वर्षं स्क्रू पिळायचा लाकडी मुठीचा पेचकस दातात धरला, टोक चालत्या मशीनला लावलं आणि आतलं बेअरिंग कसं फिरून राहिलं ते हाडातून ऐकत बसला, म्हणून फुटला. नववीत शाळा सुटलेल्या माझ्या भावाला इंजिनियर लोक येऊन विचारतात, याचा मलेही अभिमान आहे बावा. पण दात काय आपल्याले पगारावर मिळतात?

अपर्णाला फोन करून म्हटलं, तो पेचकस लपव. ती म्हणते, दीदी, ते तर आजपासून ड्युटीवर गेले, आणि पेचकस झोळीत आहे. पोट्ट्या, पन्नाशी उलटली ना तुझी! तुले लेखी वचन द्यावं लागेल. मशीन बंद पडली तर सेठ दुसरी घेईल. तुले हाड कोण देईल?

उत्तर लवकर टाक. माझा जीव तुझ्या त्या एका दातात अडकला आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुझी ताई,
माया


बीरगांव
दि. २४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

वचन लेखी देतो. पण ते पाळून झाल्यावर देतोय, म्हणून उशीर.

एकोणीस तारखेला, सकाळपाळीत, तीन नंबरच्या गिअरबॉक्सवर हात ठेवला आणि मला ते बरोबर वाटेना. नव्या इंजिनियर पायल मॅडमनी कंपन मोजायचा मीटर लावला. मीटर म्हणे सगळं हद्दीत आहे. सेठचा निरोप आला, मिल थांबवायची नाही. पेचकस माझ्या हातात होता. ओठापर्यंत नेला, ताई, खोटं लिहीत नाही. जीभ स्क्रूच्या जागेवर गेली, आणि तिथेच थांबलो.

आता तुला एक सांगतो, जे अपर्णालाही नीट सांगितलेलं नाही. माझे कान मिलने केव्हाच खाल्ले; जवळून बोललेलं कळतं, मशीनच्या आतला बारीक आवाज नाही. दातांनी ऐकत होतो तो शौक म्हणून नाही. दुसरा रस्ताच उरला नव्हता. दात बंद, म्हणजे मी बंद.

मग मॅडमना म्हटलं, तुम्ही ऐका. दातात नाही, मूठ कानापुढच्या हाडावर टेकवा; मला तिथून पुरेसं येत नाही, तुमचे कान शाबूत आहेत. त्यांनी रुमालाने मूठ तीनदा पुसली, टेकवली, आणि डोळे हे एवढे मोठे! म्हणाल्या, भैया, आत कोणी फुटाणे चावतंय, मध्येच थांबतं, परत चावतं. मी तळहात पुढे केला आणि प्रत्येक फुटाण्याला बोट आपटायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात मला कळलं. बेअरिंगची बाहेरची कडी फुटलेली!

मॅडमनी जबाबदारी घेऊन मिल थांबवली. उघडलं. कडी आरपार चिरलेली, नख जाईल एवढी. ताई, आणखी एक पाळी चालली असती तर गिअरचे दाते उडाले असते, आणि समोर चार माणसं उभी होती.

सत्तावीस वर्षं ही विद्या मी कुणाला शिकवली नव्हती. आता मॅडम सगळ्या मशिनी ऐकत फिरतात आणि मला विचारतात, सर, हा आवाज कशाचा? सर म्हणतात, ताई. मला!

तुझ्या रागातला लोभ पोचला. तसाच पोचत राहो.

दयाराम


बीरगांव
दि. ८ जानेवारी २०२५

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

आत्ताच दवाखान्यातून आलो, चहासुद्धा घेतला नाही, आधी हे लिहून राहिलो.

डॉक्टरांनी हिरडी जराशी उघडली आणि आरशाच्या दांड्याने स्क्रूच्या टोकावर टिचकी मारली. ठण्! ताई, मला ऐकू आलं. बारीक, लख्ख, डोक्याच्या आत. जमिनीत पक्का बसलेला बोल्ट हातोडीखाली असाच वाजतो. ढिला असला की बोदा आवाज येतो. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधीच मी अंगठा वर केला. त्यांनी तरी एक्सरे काढला, उजेडासमोर धरला, आणि म्हणाल्या, हाडाने चारही बाजूंनी धरलाय, तुम्हाला आधीच कसं कळलं? तोंडात परत कापूस होता, सांगणार कसा?

दोन आठवड्यांनी वर दात चढेल. रंग मी निवडला, शेजारच्या दाताशी ताडून, खिडकीच्या उजेडात.

उठायच्या आधी एक विनंती केली, की तेवढं पुन्हा वाजवा. त्यांनी वाजवला. आणखी एकदा म्हटलं. बाहेर सहा पेशंट बसलेत, बस करा भैया, म्हणाल्या. मी खुर्चीतून हललो नाही.

त्या हसल्या, आणि वाजवला.

इथे सगळं पक्कं आहे, तसाच तुझा जीव माझ्यावर असू दे.

तुझा,
दयाराम