डब्याच्या आतलं

प्रिय वहिनी,

माझं कधी ऐकायचं नाही हा तुझा नियम. मी म्हटलं पंखा दुरुस्त करत बसू नकोस, नवा घे. तू दुरुस्त केलास. मी म्हटलं छकुलीला जवळच्या शाळेत घाल. तू लांबच्या शाळेत घातलीस. टेबलावरचा तो कम्प्युटर भंगारात देऊन टाक म्हणून चार वर्षं घसा फोडतोय, आणि चार वर्षं तू त्याच्यावर हिरवं फडकं घालून, रोज ते झटकून, पुन्हा घालून बसलीस. आणि एकदाचं माझं ऐकायचं ठरवलंस ते नेमकं या आठवड्यात? दुसरा आठवडा नव्हता? रविवारी भंगारवाला येणार, भाव ठरला, एवढीच तुझी चिठ्ठी. आणि खाली ती ओळ: तूच म्हणालास ना मेलंय, मेलेलं किती दिवस घरात ठेवायचं, छकुलीला अभ्यासाला टेबल लागतं. ते वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

वहिनी, देऊ नकोस. बाकीचं पत्र नंतर वाच हवं तर, पण भंगारवाल्याला आधी दारातूनच परत पाठव. फोन केला असता, पण गेल्या भांडणापासून तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी ओरडणार, तू ठेवणार, हे आपलं ठरलेलंच आहे. आमच्याकडे माल आणणारा ट्रकवाला उद्या तुमच्या बाजूला निघालाय. शनिवारी तुझ्याच हातात पाकीट देतो असं त्याने कबूल केलंय. त्याला पाणी विचार, फार बडबड्या आहे पण माणूस चांगला आहे. तू म्हणशील, काल भंगार भंगार म्हणून नाचत होता, आज याला काय चावलं. तेच सांगतो. घाईघाईत लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय, एरवीही काही मोत्यासारखं नसतं म्हणा.

मी इथे नक्की काय करतो ते घरी कधी धड सांगितलंच नाही. गल्लीत सगळे म्हणतात धाकटा कम्प्युटर लाइनीत आहे, आणि मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. लाइनीत आहे हे खरं, पण अगदी शेपटाला. पत्र्याची लांबलचक शेड आहे. ऑफिसं, दवाखाने, घरची माणसं, सगळी आपले जुने कम्प्युटर इथे आणून टाकतात. एका टेबलावर स्क्रू काढतात, पुढच्यावर वायरी ओढतात, त्याच्यापुढे हिरव्या पाट्या सुट्ट्या करतात. त्या पाटीला मदरबोर्ड म्हणतात, बाकी सगळे भाग तिलाच चिकटलेले असतात, घरात सगळे तुला चिकटलेले असतात तसे. पत्रा पत्र्याच्या ढिगात, प्लास्टिक प्लास्टिकच्या. आणि प्रत्येक डब्यातून एक चपटी डबी निघते, तळहाताएवढी, पण दिसते त्यापेक्षा जड. ती हार्ड डिस्क. ती माझ्याकडे येते. मी ती पकडीत घट्ट धरतो, ड्रिल खाली ओढतो, आरपार भोक पाडतो आणि पेटीत टाकतो. चार वर्षं एवढंच. का पाडायचं भोक, हे विचारावंसंही वाटलं नाही. वापरलेल्या तिकिटाला चिमटा मारतात ना, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून, तसं काहीतरी असेल असं धरून चाललो होतो. मी चिमटेवाला.

मंगळवारी एक म्हातारे गृहस्थ आले. आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने घरचा कम्प्युटर देऊन गेले होते, आता परत मागत होते. काउंटरवाल्याने त्यांना सरळ माझ्याकडे धाडलं. प्रत्येक डिस्कवर पावतीच्या नंबराची चिठ्ठी असते, त्यामुळे पेटीत हात घातला आणि लगेच सापडली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. पुसून त्यांच्या हातात ठेवली, म्हटलं घ्या, मिळाली की नाही. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, मग हळूहळू डोळ्यासमोर धरली आणि त्या भोकातून माझ्याकडे पाहिलं. एकच डोळा दिसत होता. म्हणाले, "यात माझी मुलगी होती."

रागावले असते तर बरं झालं असतं. आरडाओरडा केला असता तर मीही चार शब्द ऐकवले असते, तोंडाला मी कमी आहे का. पण त्यांनी फक्त वर्तमानपत्राचा एक कागद मागितला, ती डबी नीट गुंडाळली, खिशात घातली आणि पावती माझ्याच टेबलावर विसरून गेले. ड्रिल चालूच होतं. बंद करायचं असतं हेसुद्धा मला सुचेना. शेजारचा ओरडला तेव्हा बटण दाबलं.

आमच्याकडे तपासणीच्या टेबलावर एक बाई आहेत, शिकलेल्या इंजिनीअर. कुठला डबा जिवंत, कुठला मेला ते त्या ठरवतात, म्हणून सगळे त्यांना डॉक्टरीण म्हणतात. मी जाऊन विचारलं की डिस्कमध्ये मुलगी कशी असते. त्यांना आधी वाटलं चेष्टा करतोय. मग माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, चार वर्षं भोकं पाडतोस आणि कशाला पाडतोस ते माहीत नाही? माणसांचं जे जे असतं, फोटो, आवाज, हिशेब, ते सगळं त्या डबीत राहतं, परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून मालकाच्या संमतीने भोक. त्यांच्याकडे ऑफिसात वापरायच्या म्हणून दोन डिस्का बाजूला ठेवलेल्या होत्या, एक भरलेली, एक कोरी. भरलेली वायरीला जोडून दाखवली. पडद्यावर अक्षरं धावली, मग नावांच्या, फोटोंच्या रांगाच रांगा. म्हणाल्या, हे बघ, हात लावता येतो ते हार्डवेअर, आणि त्या हार्डवेअरला काय करायचं ते सांगणारं, हात न लावता येणारं, ते सॉफ्टवेअर. आणि ही त्यात ठेवलेली माणसांची चीजवस्तू. माझा विश्वास बसेना. दोन्ही डिस्का भंगार मोजायच्या काट्यावर ठेवून पाहिल्या. एकदा ही, एकदा ती. वहिनी, काटा तिथेच. एवढा माणसांचा पसारा आत, आणि वजन कोऱ्या डबीएवढंच. मी काटा ठोकून पुन्हा पाहिलं. डॉक्टरीणबाई हसल्या, मला हसू येईना. चार वर्षांत किती पेट्या भरल्या मी. ज्यांच्या होत्या त्यांनी सगळं आधी काढून घेतलं असेल ना, एवढंच मनात घोळतंय. आता डबा आणणाऱ्या प्रत्येकाला तेच विचारतो. रांग खोळंबते म्हणून मुकादम माझ्यावर उखडलाय. उखडू दे.

आणि तिथे उभ्या उभ्या मला दादाचा आवाज आला. खरंच आला, कानात. कारण हे सगळं मला पूर्वी एकदा सांगून झालं होतं. आपल्या पुढच्या खोलीत दादाचा क्लास चालायचा तेव्हा मी काय करायचो ते तुला माहीत आहे, दारातून आत, खिडकीतून बाहेर. कम्प्युटरची तोंडओळख, नवशिक्यांसाठी, अशी त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती, तोंडओळखमधला ळ जरा वाकडा. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर कीबोर्ड उचलायचा आणि टेबलावर आपटायचा. बायका दचकायच्या. मग म्हणायचा, "पडलं की आवाज होतो ते हार्डवेअर. हरवलं तरी आवाज होत नाही ते सॉफ्टवेअर." पुढचंही पाठ आहे मला, बघ, वाटलं नव्हतं. रॅम म्हणजे आमच्या हिचा ओटा: कामापुरतं सगळं वर काढायचं, आणि काम संपलं की लख्ख पुसलेला, काल काय केलं त्याचा मागमूस नाही. हार्ड डिस्क म्हणजे आमच्या हिचं कपाट: दार लावलं, दिवा घालवला, तरी आत आहे ते आहेच. आणि तू आतून ओरडायचीस की कपाटात काय आहे ते आता वर्गाला सांगू नका. सगळा वर्ग खो खो. मला म्हणायचा, भिंगरी, एक तास एका जागी बस, जन्माला पुरेल. नाही बसलो. बसलो असतो तर आज पकडीत डिस्क धरून चार वर्षं आंधळ्यासारखी भोकं पाडली नसती.

आता खरं ते. दादा गेल्यावर सहा-सात महिन्यांनी त्या कम्प्युटरमधून जळका वास आला आणि त्याचा दिवा लागेना. तू मला बोलावून घेतलंस. मी तेव्हा या कामाला नुकताच लागलो होतो, अंगावर शेडचा निळा शर्ट, गल्लीतली अर्धी माणसं दारात. मी दोनदा बटण दाबलं, डब्याला कान लावला, डॉक्टर लावतात तसा, आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं: मेलंय. परवा तेच डॉक्टरीणबाईंना विचारलं, दिवाच लागत नसेल तर? त्या स्क्रू शोधत होत्या, वरसुद्धा न बघता म्हणाल्या, "दिवा लागत नाही म्हणजे वीज पोचत नाही, एवढंच. घराचा फ्यूज उडाला म्हणून कपाटातले कपडे जळतात का?" विजेची डबी वेगळी असते, म्हणाल्या, पॉवर सप्लाय, बहुतेक तीच जळते, बदलली की झालं. मी पेटीवर बसलो. कारण त्या दिवशी गल्ली पांगल्यावर तू मला एकच विचारलं होतंस, दाराला टेकून, छकुली कडेवर. "आणि आतलं?" आणि मी, चिमटेवाला, हुशारीने म्हणालो, डबाच मेला तर आतलं कुठून राहणार. तू फडकं आणलंस आणि घातलंस. भंगारात देण्यासाठी मी तुझ्या मागे लागलो ना, ते टेबल मोकळं व्हावं म्हणून नव्हतं. घरी आलो की त्या फडक्याखाली कुणीतरी मान खाली घालून बसलंय असं वाटायचं, आणि मला दुसऱ्या खोलीत झोप यायची नाही. तुला वाटतं मला दादाचं काही नाही. असू दे.

वहिनी, त्याचा घसा बसला होता, डॉक्टरांनी बोलू नका सांगितलं होतं, आठवतंय? पुढच्या तुकडीला ऐकवता येतील म्हणून त्याने सगळे धडे त्या कम्प्युटरमध्ये बोलून ठेवले होते, कानाला लावायचं ते दांडीवालं घालून. मी मुद्दाम दार आपटायचो, तो चिडायचा, तेही आत असेल. तू ओरडलेलं असेल. छकुली रांगत येऊन वायर ओढायची, मग तो धडा सोडून तिच्याशी जे काय बडबडायचा, ते असेल. गेल्या वेळी फोनवर, भांडण होण्याआधी, तू सांगितलंस की ती विचारते, बाबा कसे बोलायचे, आणि तुला करून दाखवता येत नाही. म्हणून हे पत्र. नक्की आहेच असं मी म्हणत नाही, एकदा नक्की बोलून बसलोय. डॉक्टरीणबाई म्हणतात चार वर्षं बंद पडलेली डिस्क बहुतेक वाचते, बहुतेकच, आणि विजेची डबी जळताना डिस्कलाही झटका बसला असेल तर सांगता येत नाही. मी येईपर्यंत वीज लावू नकोस, कुणा दुरुस्तीवाल्याला उघडू देऊ नकोस, आणि इकडे तर मुळीच पाठवू नकोस, इथे आलेली डिस्क फिरून माझ्याच टेबलावर येते. टेबल छकुलीला दे. डबा उभा धरून, न आपटता, कपाटात ठेव, आणि फडकं राहू दे. पुढच्या महिन्यात सुट्टी मिळाली की पॉवर सप्लाय घेऊन येतो, डॉक्टरीणबाईंनी बसवायला शिकवायचं कबूल केलंय. एक तास एका जागी बसून शिकणार आहे.

तुझाच,
भिंगरी

ता.क. भंगारवाल्याला शब्द दिलाय म्हणून अडून बसशील, ओळखतो मी तुला. त्याला सांग, दुसरं गिऱ्हाईक आलं. तो डबा आजपासून मी विकत घेतला. किलोने त्याने जेवढे ठरवले म्हणून तू लिहिलंस तेवढेच पाकिटात ठेवलेत, एक पैसा वर नाही, कारण आतल्याचा भाव मला करता येत नाही. मोजून घे: चारशे ऐंशी.