आये, मी चौथीत बसले

प्रिय आये,

आधी कारण सांगते, नाहीतर तू म्हणशील हिला आत्ताच कशी आठवण झाली. मला गृहपाठ आहे. घरातल्या कुणालाही एक पानाचं पत्र लिहा, असं बाईंनी सांगितलंय. वर्गातली पोरं मामाला, आत्येला, मुंबईच्या काकाला लिहितायत. माझ्या घरातली माणसं दिवसभर माझ्या समोरच असतात, त्यांना काय लिहू? म्हणून तुला. एक पान पुरणार नाही हे मला आत्ताच दिसतंय.

बाई म्हणजे कोण, तर माझी नात पूर्वा, प्रकाशची मुलगी. तू गेलीस तेव्हा ती पाळण्यात होती. तुझं बोट तिने मुठीत असं धरलं होतं की सोडवताना तू म्हणालीस, "ही पोर धरलेलं सोडायची नाय." ती आता चौथीच्या वर्गाला शिकवते, आणि मी त्या वर्गात बसते. हसू नको गो.

जूनच्या वाऱ्यात त्यांच्या शाळेची कौलं उडाली, आणि दिवाळीपर्यंत दुरुस्ती चालणार आहे. तोवर शाळा मोबाईलवर. तुला कसं समजावू? आमच्या मिरजोळ्याच्या घरात पूर्वा खुर्चीत बसते, समोर मोबाईल, आणि सव्वीस पोरं आपापल्या घरून त्यात दिसतात, छोट्या छोट्या चौकोनांत. निदान दिसायला पाहिजेत. सुरुवातीला दिसत होते ते एक कपाट, एका घराचा फिरता पंखा, कुणाचं तरी कपाळ, आणि बाकी नुसती काळ्या चौकोनावर नावं.

मी स्वयंपाकघरात असायचे आणि कान तिकडे. ती किती गोड शिकवायची. रंगीत चित्रं काढायची, गाणं म्हणायची, बरोबर उत्तराला चांदणी द्यायची. शेवटी विचारायची, "समजलं का सगळ्यांना?" कुणी चूं नाही. मग दाराआड येऊन मला म्हणायची, "आजी, मी भिंतीशी बोलते गो."

वर तिच्या मोठ्या बाईंनी सांगितलेलं, ज्या मुलांचा आवाज येत नाही त्यांच्या नावांची यादी महिनाअखेर द्या, त्यांना गैरहजर धरायचं. पूर्वाने यादी केली तर चौदा नावं. कागद घडी करून तिने वहीत ठेवला आणि त्या दिवशी जेवलीच नाही. म्हणाली, "एकदा गैरहजर लागलं की पोरं परत येत नाहीत, आजी. दिवाळीनंतर शाळा उघडेल, पण ही चौदा येतील का?"

 तुला तर माहीतच आहे, मी स्वतः तशीच शाळेतून गेलेली.

मग एक दिवस काय झालं, मी सुरमई साफ करत होते. मोठी होती, ताजी, डोळे चकचकीत. तू बघितली असतीस तर कल्ला वर करून आधी नाक लावलं असतंस. पूर्वा सांगत होती, अंश वर, छेद खाली. ती ते छेद छेद करतेय आणि मला काही कळेना. तशीच हातात सुरमई घेऊन मी तिच्या पाठीशी गेले. म्हटलं, "बाय, छेद म्हणजे काय ते मला नीट सांग. मी तिसरीत शाळा सोडली, तोवर छेद आलाच नव्हता."

"आजी, वर्ग चालू आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली. एवढी लाजली. पण मोबाईलमधून आवाज आला, "आजी, छेद खाली असतो तो."

दुसरा म्हणाला, "असं नाय रे सांगायचं, त्यांना काय कळणार. आजी, तुमच्या हातात काय आहे?"

"सुरमई."

"किती तुकडे करणार?"

"आठ."

"त्यातले तीन मला दिलेत तर..."

"तुला कशाला देऊ? तू माझा कोण?"

हसली गो पोरं. पंखा बाजूला झाला आणि तिथे एका पोरीचं तोंड आलं. तो मुलगा म्हणतो, "समजा दिलेत." मी म्हटलं, "समजा कशाला, आईला घेऊन ये आणि जेव." मग त्याने सांगितलं, तीन दिले ते वर लिहायचे, एकूण आठ ते खाली. बरं. मी विचारलं, शेपटीचा तुकडा धरलास का त्यात? तर पंखेवाली म्हणाली, तुकडे सारखे नसले तर अपूर्णांक होत नाही. मी म्हटलं, शेपटीचा तुकडा कधी कुणाच्या घरी सारखा असतो? त्यावर जी भांडणं लागली. एक म्हणतो वजन करा, एक म्हणते शेपूट मांजराला द्या आणि सात धरा. वर्गाची वेळ संपली तरी कुणी जाईना.

दुपारी पूर्वाने विचारलं, "आजी, तू काय केलंस नक्की?" मी काय करणार? मला खरंच येत नव्हतं. पण भांडी घासताना मला तू आठवलीस.

जयगडला बंदरावरून चढण चढून आपण मासे विकायला वरच्या आळीत जायचो. तू अंगणात उभी राहायचीस, टोपली डोक्यावर, आणि हाक मारायचीस, "वैनी, जरा हात लावा ओ." एकटीने उतरवायला तुला येत नव्हतं असं थोडंच? मोकळ्या वाटेवर गुडघा टेकून उतरवायचीस की. मी विचारलं होतं एकदा, उगाच कशाला बोलावतेस माणसाला कामातून? तू म्हणालीस, "आयतं उतरवून ठेवलेलं म्हावरं लोक दारातूनच बघतात. हात लावला की टोपली त्यांची होते." आणि खरंच, हात लावलेली वैनी परत आत जात नसे. टोपलीवरचं ओलं फडकं तीच उचलायची.

हे सगळं मी पूर्वाला सांगितलं. म्हटलं, तू त्या पोरांपुढे सगळं आयतं उतरवून ठेवतेस. त्यांना हात लावायला कुठे काय शिल्लक असतं?

  दुसऱ्या दिवशी तिने मला शेजारी खुर्चीत बसवलं, नवी वही दिली आणि पोरांना म्हणाली, "ही यशोदा, आपल्या वर्गातली नवीन मुलगी. तिला आज कोण शिकवणार?" आये, त्या क्षणी मला कसं झालं ते कसं लिहू? चष्म्याची काच पुसली तरी धूसरच.

तेव्हापासून रोज एकाची पाळी. पूर्वा गणित अर्धं करते आणि थांबते, पुढचं पोरांनी मला समजवायचं. मी चुकते, ती ओरडतात, मी पुन्हा विचारते. वही मोबाईलसमोर धरून दाखवावी लागते. काय कडक आहेत एकेक. सुरमईवाल्या पोराने मला पाचातले दोन दिले आणि म्हणाला, "अक्षर सुधारा." पंखेवाली मला शिकवायचं म्हणून आदल्या दिवशी आईकडे तालीम करते म्हणे. पूर्वा वहीतला तो कागद काढायची आणि एकेका नावावर रेघ मारायची. चौदाची नऊ झाली, पाच झाली, मग एकच राहिलं.

नम्रता.

रोज दहाला तिचं नाव यायचं, बाराला जायचं. मध्ये काळा चौकोन. पूर्वाने फोन केले, उचलले गेले नाहीत. मग एके दिवशी तिचं बोट चुकून कुठेतरी लागलं असेल, कारण दोन श्वास पुरेल इतका तिकडचा आवाज आला. पूर्वा म्हणाली, टीव्ही असेल. मी म्हटलं, "टीव्हीत बर्फ असा पडत नाय." फावड्याने बर्फ टोपलीत टाकल्याचा आवाज, मागे लिलावाची हाक. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन. पोर इथल्या बंदरावर होती.

आता इथे तुझ्याशी थोडं भांडते. मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले की आयेने मला तिसरीतून काढलं. प्रकाशला सांगितलं, सुनेला सांगितलं. रागाने नव्हे, पण सांगितलं. आणि तुला ते माहीत होतं. तू ते कधी खोडून का काढलं नाहीस?

कारण तू काढलं नव्हतंस. तुझा गुडघा दुखावला तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "थोडे दिवस ये बरोबर, मग जा शाळेत." मी थोडे दिवस आले. मग एका सकाळी न सांगता दप्तर घेऊन पळाले आणि वर्गात जाऊन बसले. खिडकीतून उंडीचं झाड दिसायचं. त्याखाली तू येऊन उभी राहिलीस, टोपली डोक्यावर. हाक नाही मारलीस. गुरुजींना काही बोलली नाहीस. दुखऱ्या गुडघ्याने टोपली टेकवता येत नव्हती आणि वाटेवर हात लावायला कुणी नव्हतं, म्हणून उभी. मी बघितलं आणि मान खाली घातली. पुन्हा बघितलं, तू तशीच. पाठ चालला होता, त्यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. शेवटी मी उठले, बाहेर आले आणि टोपलीला हात लावला. तू विचारलंस, "सुटली शाळा?" मी म्हटलं, "हो."

हाक मारली असतीस तर मला रागावता आलं असतं. तू नुसती उभी राहिलीस, आये. त्याचं मी काय करू?

बंदरावरचा तो आवाज ऐकल्यावर हे सगळं असं वर आलं. दुसऱ्या दिवशी मी पूर्वाला म्हटलं, आज मी गैरहजर, आणि शेअर रिक्षात बसले. बंदरावर पाय ठेवला आणि वास आला, तर मला रडू की हसू समजेना. किती वर्षांनी तो वास, तुझ्या पदराचा.

पोर लगेच सापडली. आईच्या टोपल्यांच्या मागे उलट्या क्रेटवर बसलेली, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, वही मांडीवर. डोकावून बघितलं तर माझी सगळी चुकलेली गणितं तिच्या वहीत बरोबर करून ठेवलेली. ती मला बघून उभीच राहिली. "सुरमईवाल्या आजी," म्हणाली.

तिच्या आईने विचारलं, "कोण तुम्ही?"

"मी हिच्या वर्गातली," मी म्हटलं.

त्या आईला हसू आलं, पण थकलेलं. म्हणाली, "फोन एकच आहे ओ. गिऱ्हाईकांचे फोन त्याच्यावरच येतात, तो अडकवून चालत नाय, म्हणून तुमच्या टीचरचा उचलला नाय. हिचा बाप होडीवर. बर्फ आणायला, पिशव्या भरायला दुसरा हात नाय मला. ही मध्ये मध्ये ऐकते. आता थोडे दिवस राहू दे, शाळा उघडली की जाईल."

थोडे दिवस. आये, तेच शब्द, तसाच आवाज. मी तिला उपदेश केला नाही. तिला काय सांगायचं? ती काय मजेत बसली होती? तुझ्यासारखीच होती ती. मी पदर खोचला आणि टोपलीजवळ बसले. म्हटलं, "बारापर्यंत बर्फ मी बघते, पिशव्या मी भरते. गिऱ्हाईकाचा फोन आला तर ही आणून देईल. पोरीला जरा पलीकडे बसू दे."

"जमेल तुम्हाला?"

"बांगडे मोजायला बसव, मग सांग."

नम्रता होडीच्या आडोशाला गेली, तिथे गलका कमी होता. थोड्या वेळाने तिचा बारीक आवाज माझ्या कानावर आला. "टीचर, आजी गैरहजर नाय. आजी माझ्याकडं हायेत." मग मोबाईल फिरवून तिने मला दाखवलं, टोपल्या, होड्या, सगळं. घरी आल्यावर पूर्वाने सांगितलं की पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. ती मोठी होडी दाखव, तो खेकडा दाखव. पोरीला भीती होती सगळे माशांच्या वासावरून चिडवतील, म्हणून चौकोन काळा ठेवायची. कुणी काही बोललं नाही. टोपलीत चोवीस बांगडे, त्यातले सहा गेले, तर किती भाग गेले, हे गणित नम्रताने सगळ्यांना घातलं. मला विचारशील तर पाव. मी बोटांवर केलं, पण केलं.

त्या दिवशी पूर्वाने शेवटच्या नावावर रेघ मारली. महिनाअखेर मोठ्या बाईंना दिलेल्या कागदावर एकही नाव नव्हतं.

तू असतीस तर तुला त्या मोबाईलपुढे बसवलं असतं. एकदा तरी तू म्हणायला हवं होतंस, यशू, वाच बघू. मला वाचून दाखवायचं होतं तुला, आणि पाचातले दोनच मिळाले म्हणून तुझं रागावणंही हवं होतं.

असो. बाईंनी सांगितलंय की पत्राच्या शेवटी काहीतरी कबूल करावं. हे कबूल करते. दिवाळीनंतर शाळा उघडेपर्यंत रोज दहा ते बारा मी बंदरावर. माझा अभ्यास नम्रता तिथेच घेते. ती जिथे बसते तिथून तिला तिच्या आईची टोपली दिसते. दिसू दे. पण तिला मान खाली घालावी लागायची नाही आणि मधूनच उठायला लागायचं नाही. त्या टोपलीला हात लावायला मी आहे.

तुझी,
यशू
इयत्ता चौथी