दुसरी भाकरी

चिंचवड, गुरुवार, १९५६

आज सखारामची बायको आली! माझ्या सायकलच्या दुकानासमोरच टांग्यातून उतरली, ट्रंकेसकट.

सखाराम कारखान्यात लागून वर्ष झालं. तीन पत्रं त्यानं स्वतः लिहिली, 'पत्र पाहताच निघून येणे.' उत्तर नाही. मला वाटलं, बायको रुसली. चौथं पत्र मी लिहायला घेतलं.

"शेठ, थोडी माया घाला की."

"अरे वेड्या, गावात पत्र मास्तर वाचणार, तुझ्या आईसमोर. तुझ्या बायकोनं तोंड कुठं लपवायचं?"

मग बोलता बोलता तोच म्हणाला, सवयीनं रोज दोघांच्या दोन भाकऱ्या थापतो, दुसरी उरते. बस्स! नमस्कार, खुशाली, पाऊसपाणी सगळं आधी लिहिलं. भाकरी अगदी शेवटी. त्यापुढं 'ये' असंसुद्धा नाही. जमेल का? धाकधूक होतीच.

आज ती सांगते, "आत्याबाईच सोडत नव्हत्या. मास्तर भाकरीपाशी थांबले, तशा त्या उठल्या आन् माझी ट्रंक भरायला लागल्या."

म्हणजे ओळ लिहिली बायकोसाठी, लागली आईला! आईच अडवतेय हे आधी ठाऊक असतं, तर आईला चार विनवण्या लिहून मीच सगळं बिघडवलं असतं.

तिला न्यायला आलेला सखाराम जाताना ओरडला, "शेठ, जेवायला या! आज तिसरी तुमची!"